रेससाठी मुक्काम कुठे धरावा

माझा मुलगा मोटारसायकल रेसिंगमध्ये उतरला त्याला चार सीझन झाले. राहायची जागा बघायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे, कारण गुहागरला आमचीच पर्यटकांसाठी घरगुती राहायची सोय आहे. पाहुणे फोनवर काय विचारतात आणि काय विचारायचं विसरतात, ते मी रोज बघते.

त्याच्या रेस चेन्नई आणि कोइमतूरच्या ट्रॅकवर असतात. चेन्नईचा ट्रॅक चेन्नईत नाही. तो श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे, शहर तिथून साधारण ४० किलोमीटर पुढे. आम्ही बाईक पिकअपवर चढवतो, कुंभार्ली घाटाने कराड गाठतो आणि तिथे ४८ नंबरचा महामार्ग धरतो. कोल्हापूर, हुबळी, बंगळूर करत तोच रस्ता ट्रॅकपाशी नेतो. आपल्याला ट्रॅक आधी लागतो, चेन्नई नंतर. तरी आपली माणसं चेन्नईत खोली घेतात आणि वाटेतल्या पूनमल्ली उपनगराच्या गर्दीतून रोज मागे येतात. श्रीपेरुंबुदूरलाच राहा.

तिथलं गणित आपल्या उलट आहे. गुहागरला शनिवार-रविवारी खोली मिळत नाही. तिकडे आजूबाजूला मोटारींचे कारखाने, त्यामुळे कंपन्यांच्या माणसांनी लॉज भरतात ते सोमवार ते शुक्रवार. शुक्रवारी प्रॅक्टिस असते, म्हणजे गुरुवारी रात्री पोचायलाच हवं, आणि नेमकी तीच रात्र मिळत नाही. गुरुवार आधी पक्का करा. पैसे भरण्याआधी तारीख बदलली तर किती परत मिळतील ते विचारा, कारण राउंडच्या, म्हणजे सीझनमधल्या एकेका स्पर्धेच्या, तारखा पुढेमागे होतात.

पार्किंग आहे का, एवढंच विचारून भागत नाही. ताडपत्रीसकट पिकअप आत जाईल का, हे विचारा. दुसऱ्या वर्षी एका लॉजवर पार्किंग निघालं तळघरात, उतारावरचं छत बुटकं. बाईकसकट पिकअप रात्रभर रस्त्यावर राहिली आणि मुलगा व मेकॅनिक राखण करत तिच्यातच झोपले. सकाळी स्क्रुटिनीला, म्हणजे रेसआधीच्या बाईक आणि सूट-हेल्मेटच्या तपासणीला, मुलगा उभा राहिला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्या दिवसापासून आवाराचा फोटो मागवल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही. खोली मागच्या बाजूची मागा. पुढच्या बाजूला कंटेनर रात्रभर धडधडत असतात.

आता रेसला घालायचा लेदर सूट. शनिवारी संध्याकाळी तो घामाने इतका जड होतो की हँगर वाकतो. रविवारी तोच घालायचा असतो. उन्हात टाकला तर कातडं कडक होतं, बंद एसी खोलीत ठेवला तर आंबट वास धरतो. श्रावणात आपण कपडे वाळवतो तसंच करायचं: आतून कोरड्या फडक्याने टिपायचा, चेन पूर्ण उघडून पंख्याखाली टांगायचा, बाह्यांत टॉवेलची गुंडाळी, बुटांत वर्तमानपत्र. म्हणून खोलीला छताचा पंखा आणि उघडणारी खिडकी हवीच. एसी असला तर झोपेला बरं, पण पंख्याची जागा तो घेत नाही.

सकाळी सहाला खायला काय मिळेल, हेही विचारा. इडली मिळत असेल तर उत्तम. नाहीतर छोटा राइस कुकर लावू देतील का, ते विचारून घ्या. मऊ भात-मेतकुटावर आमचा मुलगा शांतपणे ट्रॅकवर जातो. कोकम आगळाची बाटली घरूनच न्या. त्या उकाड्यात मीठ घातलेलं कोकम त्याच्या पोटाला सोसतं.

कोइमतूरचा करी स्पीडवे चेट्टीपाळयमला, शहराच्या दक्षिणेला. तिथे पोदनूरच्या बाजूला बघा, भर शहरातल्या गांधीपुरमला नको.

आणि रविवारची रात्र धरल्याशिवाय बुकिंग पुरं झालं असं समजू नका. शेवटची रेस संपून बाईक बांधेपर्यंत अंधार पडतो, आणि घर हजार किलोमीटरच्या वर लांब असतं. पिकअप चालवणाऱ्यालाही पलंग द्या, सोमवारी पहाटे निघा.