पावसाळ्यात हॅचबॅक स्वच्छ ठेवताना या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडवरून रोज गाडी काढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सकाळी सोसायटीतून चकचकीत निघालेली गाडी माजिवड्याला पोचेपर्यंत मागून मातकट झालेली असते. बोनेट, दारं त्या मानाने बरी, पण मागची काच अशी लिंपलेली की आरशात मागचा कंटेनर म्हणजे नुसता करडा डाग. शेजारच्या लेनमधली सेडान त्याच रस्त्याने आलेली असते आणि तिची मागची काच बरीच साफ असते. हा भास नाही.

हॅचबॅकचं छप्पर संपतं तिथूनच मागचा दरवाजा जवळजवळ सरळ खाली उतरतो. छपरावरून वेगाने आलेल्या हवेला एवढं वळण घेता येत नाही, ती तिथेच सुटते आणि गाडीच्या पाठीमागे कमी दाबाची पोकळी तयार होते. मागच्या चाकांनी उडवलेलं पाणी आणि गाळ त्या पोकळीत ओढला जातो, गरगरतो आणि काचेवर येऊन बसतो. सेडानला मागे डिकीचा लांब पट्टा असल्यामुळे ही घुसळण काचेपासून दूर होते. म्हणून मागचा वायपर हॅचबॅकला असतो, सेडानला सहसा नसतो. हॅचबॅकच्या स्वस्त मॉडेलमध्ये मात्र नेमका हाच वायपर काढून टाकलेला असतो, आणि गाडी घेताना त्याकडे कोणी बघत नाही.

ओल्या रस्त्यांवर गाडी कशी जपावी याचे व्हिडिओ बहुतेक थंड देशांतले असतात. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे सगळा भर मीठ धुण्यावर. आपला हिवाळा कोरडा. आपला ओला मोसम म्हणजे पावसाळा: मुंबई परिसरात सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास सुरू होणारा आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परतणारा. आपल्या रस्त्यावरचा चिखलही निराळा आहे. त्यात बांधकामांची माती आहे, मिक्सरमधून सांडलेलं सिमेंट आहे, दगडाची कच आहे, ट्रकांच्या डिझेलची काजळी आहे. तेव्हा चुकाही आपल्या वेगळ्या.

चिखलावर थेट फडकं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती बहुतेक सोसायट्यांत रोज सकाळी होते. गाडी पुसायला येणाऱ्या दादांकडे तासाभरात दहा-पंधरा गाड्या असतात. एक बादली, एक फडकं. दुसऱ्या-तिसऱ्या गाडीनंतर त्या पाण्याच्या तळाशी बोटभर रेती असते आणि फडक्यातही तीच. ते आपल्या गाडीवरून फिरतं. दोष त्यांचा नाही; एवढ्या वेळात आणि एवढ्या पैशांत याहून जास्त कोणालाच जमणार नाही.

कंपनीतून आलेल्या गाडीवरचा रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो आणि त्यातला वरचा पारदर्शक थर जेमतेम ४०-५० मायक्रॉन. आपला केस त्याहून जाड असतो. रेतीतले कण त्यावर घासले की बारीक गोल रेघोट्या उमटतात. ढगाळ दिवसांत त्या दिसत नाहीत. ऑक्टोबरचं ऊन पडलं की काळ्या किंवा लाल गाडीवर कोळ्याचं जाळं पसरल्यासारखं दिसतं.

उपाय साधा आहे: आधी पाणी, मग कापड. संध्याकाळी पावसातून घरी आलात की चिखल ओला असतानाच मागच्या काचेवर, मागच्या बंपरवर आणि चाकांवर दोन-तीन मग पाणी वरून खाली सोडा. हाताने किंवा कापडाने काहीच करायचं नाही. सुकलेला चिखल काढायला जेवढं घासावं लागतं, त्याच्या दहावा हिस्साही ओल्या चिखलाला लागत नाही. दादांना स्वतःचे दोन मायक्रोफायबर कापडाचे तुकडे देऊन ठेवा, एक चाकांसाठी आणि एक बाकी गाडीसाठी. आणि त्यांना स्पष्ट सांगा, ‘दादा, चिखल असेल त्या दिवशी पुसू नका, नुसतं पाणी मारा.’ आमच्याकडे हे एकदा नीट बोलून झाल्यावर अडचण आली नाही. त्यांचंही काम कमी होतं.

रविवारी नीट धुवायची असेल तर दोन बादल्या घ्या, एक शॅम्पूच्या पाण्याची आणि एक फडकं खळबळून घ्यायला साध्या पाण्याची. छपरापासून सुरुवात, चाकं शेवटी. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नका. तेलकटपणा काढण्यासाठीच ते बनवलेले असतात आणि गाडीवरचं वॅक्सही त्याबरोबर काढून नेतात.

कोरड्या काचेवर मागचा वायपर

ही चूक मी स्वतः दोन पावसाळे केली. कासारवडवलीहून महापेला जाताना विटावा, ऐरोली, रबाळे असा रस्ता. रबाळ्यापर्यंत पाऊस थांबलेला असायचा आणि मागच्या काचेवर अर्धवट सुकलेला लेप. दांडी फिरवली, वायपर चालला, काच ‘साफ’. दुसऱ्या वर्षी काचेवर वायपरच्या वाटेने कमानीसारखे ओरखडे पडले, आणि रात्री मागच्या गाडीचा हेडलाइट त्या कमानीत पसरून डोळ्यांवर यायला लागला. काच म्हणजे कठीण, तिला काय होतंय, असं वाटतं. पण रेतीतला क्वार्ट्झ काचेहून कठीण असतो आणि रबराखाली तो सापडला की पॉलिश पेपरचं काम करतो. काचेवरचे असे खोल ओरखडे नीट जात नाहीत. माझेही गेले नाहीत.

आधी वॉशरचं पाणी भरपूर मारा, चार-पाच सेकंद थांबा, मग वायपर फिरू द्या. काही गाड्यांत पुढचा वायपर चालू असताना रिव्हर्स टाकला की मागचा आपोआप फिरतो. तुमच्या गाडीत तसं असेल तर पार्किंगमध्ये गाडी मागे घेण्याआधी पुढचा वायपर बंद करायची सवय लावा.

आता नेहमीच्या तक्रारी. पुढे पाणी येतं आणि मागे येत नाही? बऱ्याच हॅचबॅकमध्ये पुढच्या-मागच्या दोन्ही काचांना टाकी एकच असते, म्हणजे पाणी संपलेलं नाही. मागच्या तोटीत माती अडकली असेल तर टाचणीने मोकळी होते. तरीही पाणी आलं नाही आणि मागच्या बाजूला छताचं कापड ओलसर लागत असेल, तर मागचा दरवाजा जिथे वाकतो तिथे पाण्याची नळी सुटली किंवा चिरली आहे. मग वॉशर वापरणं थांबवा आणि आधी नळी बसवून घ्या, नाहीतर सगळं पाणी आत जाईल.

वायपर फिरल्यावर एकाच जागी बारीक रेघ राहत असेल तर रबराला तिथे खाच पडली आहे, रबर बदला. सगळी काच धुरकट होत असेल तर रबर निर्दोष आहे. काचेवर डिझेलच्या काजळीचा तेलकट थर बसलाय. ठाणे-बेलापूर रोडने रोज जाणाऱ्यांना हा थर फार भेटतो. नुसत्या पाण्याने तो फिसकटतो. शॅम्पूने काच धुवा, मग ग्लास क्लीनर मारा आणि रबराची धार ओल्या कापडाने कापडावर काळं येईनासं होईपर्यंत पुसा. रिव्हर्स कॅमेऱ्याची लेन्सही तेव्हाच ओल्या मऊ कापडाने टिपून घ्या.

काच आतून पुसताना एक काळजी. मागच्या काचेवरच्या आडव्या रेषा या डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या तारा आहेत. कापड त्या रेषांच्या दिशेने आडवंच फिरवा आणि जुने स्टिकर ब्लेडने खरवडू नका. एक तार तुटली की तेवढा पट्टा धुकट राहतो.

मडफ्लॅप नसतील तर लावून घ्या. मागचा सडा पूर्ण थांबत नाही, कमी नक्की होतो.

सिमेंटचे शिंतोडे

मिक्सरच्या मागे अडकलात आणि राखाडी थेंब उडाले, तर घरी पोचल्यावर लगेच पाणी. सिमेंट धरलं की नखाने किंवा पट्टीने खरवडायचं नाही, त्याबरोबर रंग निघतो. काचेवरच्या पांढुरक्या डागांना पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापडाने थोडा वेळ ओलं ठेवलं की ते सुटतात. रंगावर घट्ट बसलेलं सिमेंट मात्र जाणकाराकडेच द्यावं.

ओल्या गाडीवर कव्हर

कव्हरखाली ओल कोंडते आणि वाऱ्याने हलणारं कव्हर खालची माती घासत राहतं. पावसाळ्यात उघड्यावर उभी असलेली गाडी उघडीच बरी.

सेव्हन-डी मॅट आणि कुबट वास

या मॅट दिसायला छान, पुसायला सोप्या. पण त्या पूर्ण जमीन झाकतात आणि खालच्या गालिच्यात गेलेलं पाणी तिथेच राहतं. वर सगळं कोरडं, खाली बुरशी. गाडीत शिरल्यावर कुबट वास येतो, मग लोक सुगंधाची डबी टांगतात आणि वास दुप्पट होतो. मॅटची कड उचला आणि हाताने गालिचा दाबून बघा. ओला लागला तर पाणी कुठून आलं ते आधी शोधा.

फक्त पुढे डावीकडे ओलं असेल आणि एसी चालवल्यावर गाडीखाली पाणी ठिबकत नसेल, तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. गाडी उभी असताना पाऊस पडून ओलं होत असेल तर बोनेट उघडून वायपरखालची जाळी बघा. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांकडे तिथे बारीक पानांचा लगदा साचलेला असतो, पाण्याला वाट राहत नाही आणि ते ब्लोअरकडे वळतं. दर रविवारी हाताने पानं काढली तरी पुरतं. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, तीही काडीने मोकळी ठेवा.

साचलेल्या पाण्यातून आल्यावर

विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली किंवा वंदना टॉकीजपाशी पाण्यातून गाडी काढावी लागलीच, तर त्याच दिवशी चाकांच्या कमानी आणि खालचा भाग पाण्याने धुवा. खाडीलगतच्या भागात भरतीच्या वेळी साचलेल्या पाण्यात खारं पाणी मिसळलेलं असू शकतं. चिखलावरच अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला गंज लागू नये म्हणून मारायचा लेप, मारून घेऊ नका. ओल आत बंद होते. ते काम मे महिन्यातलं. धुतल्यावर गाडी थोडी चालवून ब्रेक हलके दाबून कोरडे करा. बहुतेक हॅचबॅकला मागे ड्रम ब्रेक असतात. ओले असताना हँडब्रेक ओढून गाडी दोन दिवस उभी ठेवली तर ते चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

आणि स्टेपनीचा खड्डा बघा. डिकीतला गालिचा आणि खालचा पुठ्ठा उचला, स्टेपनी बाहेर काढा. मागच्या दिव्याचं किंवा दरवाजाचं रबर सैल झालं असेल तर पाणी गुपचूप इथे येऊन साचतं. पाणी दिसलं तर कापडाने टिपा, जॅक आणि पाना पुसून कोरडे ठेवा. मग कोणाला तरी डिकीच्या मागे बसवून बाहेरून पाइपने पाणी मारा. थेंब कुठून आत येतो ते पाच मिनिटांत सापडतं.