दाट लोकवस्तीच्या देशाचे प्रश्न कसे अभ्यासावेत : बांगलादेशाचे उदाहरण

दाट लोकवस्तीच्या विकसनशील देशावर निबंध किंवा प्रकल्प लिहिणारे बहुतेक जण ‘सर्व समस्यांचे मूळ लोकसंख्यावाढीत आहे’ या वाक्याने सुरुवात करतात. हे वाक्य प्रथम खोडून टाकावे, कारण त्यानंतर शोधण्यासारखे काही उरत नाही. त्याऐवजी एकच देश निवडावा आणि दाटीमुळे तेथे नेमके काय अवघड झाले व काय सोपे झाले, हे दोन्ही तपासावे. या कामासाठी बांगलादेशाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

सुरुवातीला घनता आणि वाढ या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या कराव्यात. २०२२ च्या जनगणनेनुसार बांगलादेशात दर चौरस किलोमीटरला सुमारे १,११९ लोक राहतात. मात्र ही सरासरी आहे आणि सरासरी बरेच काही झाकते. चितगाव डोंगराळ प्रदेशाने देशाचा जवळपास एक दशांश भाग व्यापला असला, तरी तेथे देशातील जेमतेम एक टक्का लोक राहतात, तर ढाक्यात माणसाला पाऊल ठेवायला जागा नाही. वाढीचे चित्र तर निराळेच आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी एका स्त्रीमागे सरासरी सहाहून अधिक असलेली मुलांची संख्या आता दोनच्या थोडी वर आली आहे. तरीही लोकसंख्या वाढत राहते, कारण पूर्वी जन्मलेल्या मोठ्या पिढ्या आज आईबापांच्या वयात आहेत. त्यामुळे आजचा प्रश्न पाळण्यापेक्षा रोजगाराचा अधिक आहे, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात यायला हवे.

यानंतर एखादे साधन निवडून त्याचा माग शेवटपर्यंत काढावा. माझ्या मते त्यासाठी पाणी सर्वांत योग्य आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांच्या गाळाने घडलेल्या या सपाट प्रदेशात तळी आणि नद्यांचे दूषित पाणी पिऊन मुले अतिसाराने दगावत असत. त्यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफच्या मदतीने गावोगावी उथळ कूपनलिका खोदल्या गेल्या. जमीन मऊ, पाणी वर आणि वस्ती दाट असल्याने उपाय स्वस्त पडला आणि झपाट्याने पसरला. पुढे लोक स्वखर्चानेही कूपनलिका खोदू लागले. १९९३ मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक आढळले. उथळ थरांतील गाळातून नैसर्गिकरीत्या पाण्यात उतरणारे हे विष रंग, वास किंवा चव यांवरून ओळखता येत नाही, शिवाय त्याचे परिणाम अंगावर दिसायला वर्षे लागतात. त्यामुळे ते उघडकीस येईपर्यंत कोट्यवधी लोक ते पीत होते. नंतर तपासलेल्या कूपनलिकांना लाल आणि हिरवा रंग देण्यात आला आणि खोल थरांतले, बहुतांशी सुरक्षित असलेले पाणी वर काढण्याकडे वळावे लागले. ज्या दाटीमुळे उपाय घरोघरी पोहोचला, तिच्यामुळेच चूकही घरोघरी पोहोचली. अभ्यासकाने प्रत्येक प्रकरणात हा दुहेरी परिणाम शोधावा.

आपत्तींचा विचार करताना एकाच देशातील दोन काळांची तुलना करावी. हा भाग पूर्व पाकिस्तान असताना, नोव्हेंबर १९७० मध्ये भोला चक्रीवादळाने घेतलेल्या बळींची संख्या तीन लाखांहून अधिक असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. नोव्हेंबर २००७ मधील सिद्र चक्रीवादळात सुमारे ३,४०० लोक मरण पावले. दरम्यानच्या काळात लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली होती, म्हणजे दाटी कमी झाल्याने जीव वाचले असे म्हणता येणार नाही. १९७२ पासून उभी राहिलेली स्वयंसेवकांची यंत्रणा, पूर्वसूचना आणि पक्के निवारे यांनी हा फरक घडवला. अर्थात ही वाटचाल सरळ नव्हती. १९९१ च्या वादळात सुमारे १,३८,००० लोक दगावले होते आणि हा आकडा गाळून केलेली तुलना अप्रामाणिक ठरेल.

कुटुंबनियोजनाचा अभ्यास करायचा असल्यास मतलब या ग्रामीण भागाकडे पाहावे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे महिला कार्यकर्त्या घरोघरी जाऊन साधने आणि सल्ला देत असत. घरे जवळजवळ असल्यामुळे एका कार्यकर्तीला पायी बरीच कुटुंबे गाठता येत, ही बाब विरळ वस्तीच्या देशाला सहज उचलता येणारी नाही. रोजगाराच्या विभागात तयार कपड्यांचा उद्योग येणारच, कारण निर्यातीच्या उत्पन्नात त्याचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. त्याच्याबरोबर २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळलेली आणि १,१०० हून अधिक कामगारांचा बळी घेणारी, कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारतही यावी.

शेवटी आकड्यांची काळजी घ्यावी. २०२२ च्या जनगणनेचा प्राथमिक आकडा सुमारे १६.५ कोटी आहे, तर तपासणीनंतर सुधारलेला आकडा सुमारे १७ कोटी आहे आणि वर दिलेली घनता प्राथमिक आकड्यावरून काढलेली आहे. दोन्हींपैकी कोणताही वापरावा, परंतु लेखात पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच ठेवावा आणि तो कोणता, हे पहिल्याच उल्लेखात सांगावे.