आधी डेमो वाजवा, मग स्क्रू काढा

कीबोर्ड रुसण्याची वेळ ठरलेली असते. भजनाला माणसं येऊन बसली, तबला लागला, की याचा आवाज गायब. आमच्या मंडळात कीबोर्ड मी वाजवतो, त्यामुळे आसपासच्या घरांतले अडलेले कीबोर्डही माझ्याकडेच येतात. त्यातले बहुतेक बिघडलेले नसतातच. कुणीतरी भलतं बटण दाबलेलं असतं, नाहीतर वायर दगा देत असते. म्हणून स्क्रू ड्रायव्हर कपाटातच राहू द्या आणि पहिल्यांदा एवढंच बघा: डेमो गाणं वाजतंय का?

पोर्टेबल कीबोर्डात बहुधा डेमो असतोच. तो आतल्या आत वाजतो, पट्ट्यांशी त्याचा काही संबंध नाही. डेमो स्वच्छ ऐकू आला तर वीज, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर सगळं ठीक आहे आणि दोष सेटिंगमध्ये किंवा पट्ट्यांत आहे. डेमोही मुका असेल तर पट्ट्यांकडे बघूच नका. आधी वीज, मग आवाजाची वाट तपासा.

पायरी १: वीज

अ‍ॅडॉप्टर काढून ठेवा आणि नवे सेल घालून बघा (बऱ्याच मॉडेलांना सहा पेन्सिल सेल लागतात). सेलवर चालला तर दोष अ‍ॅडॉप्टरचा किंवा त्याच्या सॉकेटचा. पिन हलवल्यावर कीबोर्ड चालू-बंद होत असेल तर सॉकेटचा डाग (सोल्डरिंगचा जोड) सुटलाय, तो पुन्हा मारून घ्यावा लागतो.

घरात राउटरचा अ‍ॅडॉप्टर पडलेला असतो आणि त्याची पिनही नेमकी बसते. बसली म्हणून लावू नका. यामाहाच्या बऱ्याच पोर्टेबल मॉडेलांना १२ व्होल्ट लागतात आणि पिनच्या आतलं टोक धन असतं. कॅसिओच्या जुन्या ९ व्होल्टच्या मॉडेलांत आतलं टोक ऋण असतं. कीबोर्डमागे आणि अ‍ॅडॉप्टरवर गोलात अधिक-उणेची खूण छापलेली असते. ती आणि व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त असले तरी चालतात. कमी असले तर डिस्प्ले लागतो, पण रिदम सुरू करून आवाज वाढवला की कीबोर्ड बंद पडतो. सेल उतरले तरी हेच होतं.

अर्धा तास न वाजवल्यावर आपोआप बंद होणं हा मात्र बिघाड नव्हे, वीज वाचवायची सोय आहे. यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेतल्या अनेक मॉडेलांत डावीकडची शेवटची पट्टी दाबून धरून कीबोर्ड चालू केला की ही सोय बंद होते. हरिपाठाच्या मधल्या निरूपणात कीबोर्ड झोपून जायला नको असेल तर एवढं करून ठेवा.

पायरी २: आवाजाची वाट

डिस्प्ले चालू, आवाज शून्य. व्हॉल्यूम बघितला असेलच. आता हेडफोनचं सॉकेट बघा. त्यात पिन गेली की आतली एक छोटी पत्ती सरकते आणि स्पीकर बंद होतो. पत्तीवर धूळ बसली किंवा ती वाकली, तर पिन काढल्यावरही कीबोर्डला वाटतं हेडफोन लागलेलाच आहे. कीबोर्ड बंद करून पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर तीच युक्ती: बंद ठेवून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. नाही गेली तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे मिळतो. मशीनचं तेल, खोबरेल असलं काही घालू नका. त्यावर धूळ चिकटून आठवड्यात दुप्पट खरखर होते.

साउंड मिक्सरला जोडल्यावर घुर्र आवाज येत असेल आणि लॅपटॉपही यूएसबीने लावलेला असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घुरघुर थांबली तर कीबोर्ड निर्दोष.

पायरी ३: सेटिंग

डेमो वाजतो, पण पट्ट्या वाजत नाहीत किंवा भलतंच वाजवतात, असं असेल तर इथे थांबा. सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात.

सूर जुळत नसेल तर ट्रान्स्पोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय, बघा. गायकाची पट्टी (मूळ सूर) काळी चार असते, वाजवणाऱ्याला पांढरी एकची बोटं सवयीची असतात, म्हणून तो ट्रान्स्पोज चढवतो आणि तसाच विसरतो. एका आरतीला मी अख्खं मंडळ एक सूर वर नेलं होतं. पेटीवाल्या काकांनी नंतर पूर्ण आठवडा माझ्याशी बोलणं टाकलं. ट्रान्स्पोज शून्यावर असूनही पेटीशी किंचित फरक राहिला तर ट्यूनिंग बघा. कीबोर्ड ४४० हर्ट्‌झला लावलेला असतो, जुनी पेटी तशी असेलच असं नाही. अशा वेळी कीबोर्ड पेटीकडे सरकवायचा, कारण पेटीचे सूर जागच्या जागी सरकत नाहीत.

डावीकडच्याच पट्ट्या वेगळ्या वाजत असतील तर स्प्लिट (डाव्या-उजव्या बाजूला वेगळे आवाज) किंवा ऑटो कॉर्ड (डाव्या हाताने आपोआप साथ) चालू आहे. एकही पट्टी वाजत नाही, डेमो मात्र वाजतो, अशा वेळी मिडीच्या (दुसऱ्या वाद्याशी किंवा कॉम्प्युटरशी जोडायच्या सोयीच्या) मेनूत ‘लोकल’, म्हणजे पट्ट्यांचा स्वतःच्या आवाजाशी असलेला जोड, बंद झालंय का बघा. पेडल दाबल्यावर सूर तुटतो आणि सोडल्यावर लांबतो, म्हणजे चालू करताना त्यावर पाय होता. पाय बाजूला ठेवून बंद करा, पुन्हा चालू करा.

काहीच उमगत नसेल तर फॅक्टरी रीसेट. त्याची कळ मॉडेलप्रमाणे बदलते, मॅन्युअलमध्ये बघा. साठवलेलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आपले टोन आधी कागदावर उतरवून घ्या.

पायरी ४: मुक्या पट्ट्या

आता खरा बिघाड. प्रत्येक पट्टीखाली रबराची गादी असते आणि तिच्या पोटात कार्बनच्या दोन काळ्या टिकल्या. स्पर्शानुसार आवाज बदलणाऱ्या कीबोर्डांत एक टिकली दुसरीच्या किंचित आधी टेकते. त्या दोघींमधल्या वेळावरून पट्टी किती जोरात दाबली ते ठरतं. म्हणून टिकलीखाली गुलाल, उदबत्तीची राख किंवा पावसाळ्यातला दमट मळ गेला, की पट्टी मुकी होते किंवा हळू दाबली तरी ओरडते.

उघडण्याआधी मुक्या पट्ट्या कागदावर मांडा. एखाद-दुसरी, विस्कळीत असेल तर मळ. ठरावीक अंतराने, म्हणजे दर सहावी किंवा दर आठवी, किंवा सलग अख्खा गट मुका असेल तर केबल सैल आहे नाहीतर जोड तुटलाय. तिथे कितीही पुसा, उपयोग नाही.

मळच असेल, वॉरंटी संपली असेल आणि कीबोर्ड बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा असेल तरच उघडा. ज्याची वायर थेट भिंतीच्या प्लगमध्ये जाते त्याला घरी हात लावू नका. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कीबोर्डचं चित्र काढून ज्याचा त्याच्या जागी टोचून ठेवा. टप्प्याटप्प्याला फोटो काढा. गादी हलकेच उचला, टिकल्या आणि खालचे काळे पट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओल्या इअरबडने टेकवत टेकवत पुसा. घासू नका, खोडरबर तर नकोच. कार्बनचा थर निघाला की तो परत येत नाही. पूर्ण वाळू द्या आणि गादीचे सगळे खुंट भोकांत नीट बसवा.

झाकण लावण्याआधी प्रत्येक पट्टी एकदा हळू, एकदा जोरात वाजवून बघा. एखादी अजूनही मुकी असेल आणि गाद्या सारख्याच मापाच्या असतील, तर तिची गादी आणि एखाद्या चालत्या पट्टीची गादी यांची अदलाबदल करा. दोष गादीबरोबर सरकला तर नुसती गादी बदलायची, जागेवरच राहिला तर बोर्ड दुरुस्तीला द्यायचा. दुकानात जाताना अ‍ॅडॉप्टर आणि मुक्या पट्ट्यांचा तो कागदही बरोबर न्या.