आरटीआय टाकताय? 'का' विचारू नका, कागद मागा

आपला देश जगातल्या बड्या अर्थव्यवस्थांमधे जाऊन बसला, पण गल्लीतला रस्ता पहिल्याच पावसात का उखडतो ते कुणी सांगत नाही. सुधारणा म्हटलं की सगळे दिल्लीकडे बघतात. मला विचाराल तर कारभारातली सगळ्यात मोठी सुधारणा १२ ऑक्टोबर २००५ पासूनच आपल्या हातात आहे, माहितीचा अधिकार म्हणजे आरटीआय, फक्त तो वापरायचा कसा हे कुणी नीट शिकवत नाही म्हणून हे लिहितोय.

माझ्या पहिल्या अर्जात मी लिहिलेलं, "आमचा रस्ता सहा महिन्यात खराब का झाला?" महिन्याभराने एका ओळीचं उत्तर आलं, माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. खूप चिडलो होतो, पण नंतर कायदा वाचला तेव्हा कळलं की ऑफिसच्या रेकॉर्डवर जे आहे तेच मिळतं, कारणं शोधून देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. म्हणून 'का' खोडा आणि तिथे कागदाचं नाव लिहा.

रस्त्याचं काम असेल तर अंदाजपत्रक, वर्क ऑर्डर, टेस्ट रिपोर्ट, अदा केलेली बिलं, दोष दायित्व कालावधी (काम खराब झालं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत) लिहिलेलं करारातलं पान, आणि मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, हे सगळं नाव घेऊन मागा. एमबी तर सोडूच नका, कारण इंजिनियर साइटवर लांबी रुंदी जाडी मोजून त्यात लिहितो आणि ठेकेदाराचं बिल त्याच आकड्यांवर निघतं. दुसऱ्या अर्जात मला ती मिळाली. डांबराच्या थराची जाडी ५० मिमी लिहिलेली, आणि आमच्या गेटसमोर उखडलेल्या कडेला पट्टी लावली तर २५ च्या वर कुठेच जाईना. ते पान आणि पट्टीचा फोटो एकत्र जोडून तक्रार दिली, दोष दायित्व कालावधी अजून बाकी होता, त्यामुळे ठेकेदाराला स्वतःच्या खर्चाने तेवढा पट्टा पुन्हा नव्याने करावा लागला.

आता अर्जाचं. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' चा नमुना आहे, त्याच्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, बीपीएलवाल्यांना फी माफ, फक्त पुरावा जोडा. एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांच्या आत. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतची माहिती हवी ते स्पष्ट लिहा. माहिती कशाला हवी हे विचारायचा त्यांना हक्कच नाही, कलम ६(२). अर्ज भलत्याच खात्यात गेला तरी घाबरू नका, ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. पोच मात्र घ्याच, पुढचं सगळं त्या तारखेवर चालतं.

फाईल जाडजूड असेल तर झेरॉक्सवर पैसे घालवण्याआधी अवलोकन मागा, म्हणजे तिथे बसून फाईल बघायची आणि हवी तेवढीच पानं घ्यायची, बऱ्याचदा महत्त्वाचं काही अशाच शेऱ्यात सापडतं जे मागायचं आपल्याला सुचलंच नसतं.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे प्रथम अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. खरं दुखणं इथे आहे. माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड लागतो, पण तो लावणार आयोग, आणि तिथे अपिलांचा एवढा ढीग की नंबर लागेपर्यंत माणूस नाद सोडतो. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांची मुदत आणि पगार ठरवणं केंद्र सरकारकडे गेलं, जे मला अजिबात पटलेलं नाही. म्हणून पहिला अर्ज आणि पहिलं अपीलच इतकं नेमकं लिहा की काम तिथेच व्हावं.

आणि 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार आला (२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ही पळवाट आणखी रुंद केलीये) तर अपिलात कलम ८(२) घाला, त्यात व्यापक जनहितासाठी माहिती देता येते, आणि जनहित कोणतं ते दोन वाक्यात लिहून खाली तो पट्टीचा फोटो जोडा.