मार्टमध्ये नवीन लागलात आणि कोणी नीट शिकवलंच नाही? मग या चुका टाळा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर सुपरमार्केटमध्ये भरती निघते, भरपूर नवीन मुलंमुली लागतात आणि ट्रेनिंग म्हणजे काय तर युनिफॉर्मचा टीशर्ट हातात, अर्धा-पाऊण तास कुणा सीनियरच्या बाजूला उभं राहायचं आणि संध्याकाळी गर्दी वाढली की "चल, चार नंबर काउंटर तू घे". मी सुपरवायझर आहे आणि दरवर्षी हे बघते, बघून वाईट वाटतं कारण पोरं हुशार असतात, फक्त त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की सगळं एकदम शिकायच्या मागे लागू नका, जे चुकलं तर थेट तुमच्या पगारावर येतं ते आधी शिका. ऑफर्स, स्कीम, कुठल्या रॅकला काय, हे सगळं हळूहळू येतं.

न मोजता गल्ला ताब्यात घेणं

सुरुवातीला सुट्ट्यांसाठी जी कॅश देतात ती स्वतःच्या हाताने मोजा, मागे लाईन असली तरी मोजा. "दोन हजार आहेत, कर सही" असं कोणी म्हटलं तरी आधी मोजायचं आणि मगच सही, यात कोणाचा अपमान होत नाही. दुसरं म्हणजे तुमच्या लॉगिनवर दुसऱ्या कोणाला बिल मारू देऊ नका. पाणी प्यायला गेलात तरी लॉगआउट करा. रात्री कॅश शॉर्ट आली, म्हणजे बिलांच्या हिशोबापेक्षा गल्ल्यात कमी भरली, की सिस्टीम फक्त आयडी दाखवते, मधली दहा मिनिटं काउंटरवर कोण बसलं होतं ते ती सांगत नाही.

नोट घेताना तोंडाने मोठ्याने बोला, "पाचशे दिलेत ना". आणि ती नोट लगेच ड्रॉवरमध्ये टाकू नका, गल्ल्याच्या वरच आडवी ठेवा, उरलेले पैसे गिऱ्हाईकाच्या हातात गेले की मगच आत. "मी पाचशे दिले होते, तू दोनशेचेच परत देतोस" हे भांडण या एका सवयीने जवळजवळ संपतं. मध्येच कोणी "ही नोट दे परत, मी सुट्टे देतो, थांब थांब त्यापेक्षा हजारचे सुट्टे कर" असं सुरू केलं तर हात थांबवा, आधीचा व्यवहार पूर्ण करा मग पुढचं, घाई करणाऱ्या माणसासमोर तर नक्कीच. पाचशेची नोट तिरकी धरली की मधला धागा हिरव्याचा निळा दिसतो, एवढं तरी बघत चला. आणि दहाच्या नाण्यावरून वाद घालू नका, वेगवेगळ्या डिझाईनची सगळी नाणी चालतात असं आरबीआयने 2018 मध्येच स्पष्ट सांगितलंय.

यूपीआय: स्क्रीनशॉट बघून माल सोडणं

गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर हिरवी टिक दिसली म्हणजे पैसे आले असं नाही. आपल्या मशीनवर आलं का, साउंडबॉक्स बोलला का, तेवढंच बघायचं. आणि मशीन बंद पडलं म्हणून "माझ्या नंबरवर पाठवा, मी भरतो" असं कधीच म्हणू नका. मदतीच्या भावनेने नवीन मुलं हे करतात आणि नंतर चोरीचा संशय त्यांच्यावरच येतो. पैसे कापले गेले पण आपल्याकडे आले नाहीत अशा वेळी समोरचा चिडतो ते साहजिक आहे, त्याला शांतपणे सांगा की आरबीआयच्या 2019 च्या नियमाप्रमाणे व्यवहारानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत जमा व्हायला हवेत, उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये द्यायचे असतात, आणि मग सुपरवायझरला हाक मारा.

एकच पाकीट सहा वेळा स्कॅन करणं

ही चूक कोणालाच चूक वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. समजा गिऱ्हाईकाने सहा साबण घेतले, तीन लिंबाचे तीन गुलाबाचे, किंमत सारखीच. नवीन कॅशिअर काय करतो, एक लिंबाचा उचलतो, सहा वेळा टीक टीक टीक, झालं. बिलाची रक्कम बरोबर, गिऱ्हाईक खूश, लाईनपण पटकन सरकली. पण सिस्टीममध्ये लिंबाचे सहा विकले गेले आणि गुलाबाचा एकही नाही. दिवसभर सगळ्या काउंटरवर हेच चाललं की लिंबाचा स्टॉक मायनसमध्ये जातो, गुलाबाचा साबण कॉम्प्युटरमध्ये भरपूर आहे आणि रॅक रिकामा, त्यामुळे त्याची ऑर्डरच जात नाही. मग फ्लोअरवरच्या मुलाला विचारतात माल कुठे गेला, स्टॉक मोजणीच्या दिवशी फरक निघतो आणि रात्री उशिरापर्यंत सगळे शोधत बसतात. वास, रंग, फ्लेवर वेगळा म्हणजे बारकोड वेगळा, प्रत्येक प्रकारातला एक स्कॅन करायचा आणि संख्या टाकायची, यात फार तर पाच सेकंद जास्त जातात.

तसंच दोन एमआरपीचं. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर दोन किमती विचारतात आणि घाईत पहिली दाबली जाते. 22 सप्टेंबर 2025 ला साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला तेव्हा जुना आणि नवा माल एकाच रॅकवर आला होता आणि असे घोळ होणारच होते. पाकिटावर छापलेली किंमत वाचा आणि तीच निवडा. छापील एमआरपीपेक्षा जास्त घेणं कायद्याने चालत नाही आणि एमआरपीत टॅक्स धरलेलाच असतो.

भाजीच्या काट्याचे कोड मात्र पाठ करायला बसू नका, जास्त खपणारे कांदा-बटाटा-टोमॅटो-केळी आपोआप लक्षात राहतात, बाकीचे कागदावर लिहून काट्याला चिकटवा.

माहीत नसताना अंदाजाने सांगणं

"एकावर एक फ्री आहे ना यावर?" असं विचारलं की "हो असेल" म्हणू नका. बिलाला ऑफर लागली नाही की तोच माणूस काउंटरवर येऊन "तुमच्याच मुलाने सांगितलं" म्हणतो आणि त्याचं बरोबरच असतं. "मी नवीन आहे, एक मिनिट विचारून सांगतो" हे वाक्य बिनधास्त वापरा, लोक समजून घेतात, ज्यांना दोनदा चुकीचं सांगितलंय ते घेत नाहीत. विचारायला सुपरवायझर सापडत नसेल तर कंपन्यांचे प्रमोटर, म्हणजे आपापल्या ब्रँडचा माल खपवायला दुकानात उभी असलेली माणसं, असतात ना, त्यांना विचारा, माल कुठल्या रॅकला आहे हे त्यांना बरोबर माहीत असतं, फक्त गिऱ्हाईकाला कुठला ब्रँड चांगला हे त्यांच्या सांगण्यावरून सांगू नका.

मोबाईल नंबरचंही असंच, बिलासाठी नंबर विचारायला सांगितलेलं असतं पण कोणी नाही म्हटलं तर अडून बसू नका. ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्येच दुकानदारांना सांगितलंय की नंबरची सक्ती करू नका. नंबर टाकल्याशिवाय स्क्रीन पुढे जात नसेल तर काय करायचं ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

रॅक भरताना नवीन माल पुढे लावू नका, आधी एक्स्पायरी बघा, ज्याची तारीख जवळ तो पुढे. आणि चप्पल-बूट जरा बरे घ्या, दिवसभर उभं राहायचंय. तामिळनाडूत 2021 पासून दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्याने बंधनकारक आहे, आपल्याकडेही प्रत्येक काउंटरला एक स्टूल असावं असं मला मनापासून वाटतं.

शॉर्टचे पैसे मुकाट्याने भरणं

सगळी काळजी घेऊनही एखाद्या दिवशी कॅश शॉर्ट येते. नवीन मुलं घाबरून खिशातून भरतात किंवा पगारातून कापले तरी गप्प बसतात. वेतन संहिता, म्हणजे पगाराबद्दलचा केंद्राचा कायदा, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, त्यात असं आहे की नुकसान तुमच्याच निष्काळजीपणामुळे झालं असेल तरच कापता येतं, जेवढं नुकसान त्यापेक्षा जास्त नाही आणि कापण्याआधी तुमची बाजू मांडायची संधी द्यावी लागते. म्हणून एक छोटी वही ठेवा, त्यात रोजची सुरुवातीची कॅश, शेवटची कॅश, किती नोटा कितीच्या आणि कोणाच्या समोर मोजल्या एवढं लिहा. कोऱ्या कागदावर सही मागितली तर करू नका, रक्कम, तारीख आणि कारण लिहिलेलं असेल तरच करा आणि एक कॉपी मागून घ्या. तरीही मनाला येईल तसं कापत असतील तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते, जाताना ती वही आणि पगाराची स्लिप सोबत न्या.