रत्चानोकची मॅच बघून आपलं बॅडमिंटन कसं सुधारायचं

कोथरूडच्या एका हॉलवर सकाळी सहाच्या स्लॉटला आमचा ग्रुप खेळतो, सगळे चाळिशीच्या पुढचे आणि सगळ्यांना एकच येतं, जीव खाऊन स्मॅश. मीपण त्यातलाच. एकदा पार्टनर आला नाही म्हणून शेजारच्या बॅचमधल्या अकरा-बारा वर्षांच्या एका मुलीशी खेळलो आणि तिने माझा पार मामा केला. मी मागे पळालो की शटल पुढे टप्प, पुढे धावलो की डोक्यावरून मागे. कुठे शिकलीस गं हे, विचारलं तर म्हणाली, "काका, मी रत्चानोकच्या मॅचेस बघते ना."

घरी येऊन मीपण बघायला लागलो आणि दोन महिने चुकीचं बघत राहिलो, म्हणजे वा वा करत. तुमचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय.

आधी बाई कोण ते, कारण त्याशिवाय तिचा गेम कळत नाही. रत्चानोक इंतानोन, लाडाचं नाव मे. जन्म ५ फेब्रुवारी १९९५, थायलंडच्या ईशान्येकडच्या यसोथोन प्रांतातला. आई-वडील बँकॉकजवळ मिठाईच्या कारखान्यात कामाला होते. तिथे थोंग योद बनते, अंड्याचा पिवळा बलक उकळत्या पाकात थेंब थेंब सोडून करतात ती सोनेरी मिठाई. आता अशा कढयांच्या आजूबाजूला लहान पोरगी पळतीये म्हटल्यावर कोणाचाही जीव खालीवर होईल, तर कारखान्याच्या मालकीणबाईंनी तिला बॅडमिंटन खेळायला लावलं, त्यांचा क्लबच होता, बानथोंगयोद, नाव त्या मिठाईवरूनच. तेव्हा ही सहा-सात वर्षांची. मला आपलं वाटतं की एवढ्या लहान वयात ताकद नसते म्हणून हात शिकतो, आणि आपण ताकद आल्यावर रॅकेट धरली म्हणून आपला हात ठोकळाच राहिला. हे माझं मत, कोच लोक वाद घालतील.

२००८ ची ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिप आपल्या बालेवाडीत झाली होती, सायना नेहवाल जिंकली होती, आठवत असेल. पुढच्या वर्षी मलेशियात तो किताब १४ वर्षांच्या मेने घेतला, मग २०१० आणि २०११ लाही तिनेच. सलग तीन वेळा आधी कोणालाच जमलं नव्हतं. आणि २०१३ ला ग्वांगझूमध्ये सेमीफायनलला आपल्या सिंधूला सरळ दोन गेममध्ये हरवून, फायनलला चीनच्या ली श्वेरुईला तिच्याच देशात २२-२०, १८-२१, २१-१४ असं हरवून १८ व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन. सिंधूचं पहिलं वर्ल्ड ब्रॉंझ ते हेच.

बघायला सुरुवात याच फायनलने करा. त्यानंतर २०१६ ची दिल्लीतली इंडिया ओपनची फायनल, समोर परत ली श्वेरुईच. त्या वेळी मेने भारत, मलेशिया, सिंगापूर अशा तीन ओपन लागोपाठच्या तीन आठवड्यांत मारल्या आणि एप्रिलमध्ये वर्ल्ड नंबर वन झाली, थायलंडकडून पहिलीच. तैवानच्या ताई त्झू-यिंगबरोबरच्या मॅचेस मात्र लगेच लावू नका, दोघीही फसवणाऱ्या, त्यात कोण कोणाला फसवतंय हेच कळत नाही, नुसतं जादूचे प्रयोग बघितल्यासारखं होतं.

आता मेन मुद्दा. पहिल्यांदा बघताना मेकडे बघायचंच नाही, शटलकडेपण नाही. समोरचीचे पाय बघा. स्पीड निम्मा करा, कॉमेंट्री म्यूट. मे बॅककोर्टला गेलीये, डावा खांदा नेटकडे, कोपर वर, रॅकेट मागे, सगळं जोरात मारणार असल्यासारखं. समोरची वजन मागच्या पायावर घेते. आणि अगदी शेवटच्या क्षणी रॅकेटचा वेग मरतो, तार शटलला नुसती घासून जाते आणि शटल नेटच्या जेमतेम पलीकडे पडतं. त्या वेळी समोरची टाच टेकवून उभी असते. आपल्याला शिकायचीये ती टाच. कागदावर दोन रकाने करा, पाय चुकला आणि पाय नाही चुकला, आणि एका गेमला रेघा मारत बसा. घरचे वेड्यात काढतील, काढू दे. मगच दुसऱ्यांदा तीच गेम मेकडे बघत बघा, आणि जिथे पाय चुकला तिथे आधी तिने काय केलं ते शोधा.

कोर्टवर पहिली गोष्ट ग्रिप. इतकी सैल धरा की कोणी रॅकेट ओढली तर हातातून सुटावी, आणि बोटं आवळायची फक्त शटल लागताना. मनगट मनगट सगळे म्हणतात पण खरी गंमत बोटांची आणि कोपराखालचा हात फिरण्याची आहे.

मग पार्टनरला उंच लिफ्ट द्यायला सांगा, म्हणजे शटल खालून उचलून तुमच्या मागच्या रेषेकडे उडवायला. तुम्ही मागून क्लिअर (उंच आणि खोल, समोरच्याच्या मागच्या रेषेपर्यंत) किंवा ड्रॉप (हळूच नेटपाशी) काहीही मारा, पण तुमची रॅकेट शटलला लागायच्या आत त्याने ओरडून सांगायचं काय येणार. वीस शटल. त्याने चौदा-पंधरा बरोबर ओळखले तर तुमचं पितळ उघडं पडतंय. माझे पहिल्या दिवशी अठरा ओळखले. कसं कळतं बाबा, तर म्हणे तुझा डावा हात. मोबाईलवर शूट करून बघितलं तर खरंच, ड्रॉप मारायचा असला की माझा डावा हात आधीच खाली येत होता, अगदी दमल्यासारखा. मेचा डावा हात दोन्ही शॉट्सना तस्साच वर असतो. एवढीच एक गोष्ट सुधारायला मला तीन आठवडे लागले.

नेटवरचा होल्ड सगळ्यांना हवा असतो, रॅकेट पुढे धरून थांबायचं आणि समोरचा हलला की ढकलायचं किंवा टाकायचं. पण थांबायला आधी वेळेत पोचायला लागतं ना! उशिरा पोचलात तर होल्ड कसला, जीव वाचवणं आहे ते. म्हणून रोज दहा मिनिटं बिनशटलचं फूटवर्क, कंटाळा येतो, करा.

प्लास्टिकच्या शटलवर स्लाइस ड्रॉप, म्हणजे तार घासून मारायचा तो ड्रॉप, शिकू नका, पिसांच्या शटलसारखं ते वागतच नाही. सोळा पिसांतली एकदोन तुटलेली जुनी शटल्स मोठ्यांच्या बॅचकडून मागून घ्या, प्रॅक्टिसला चालतात. आणि रॅकेटच्या तारेचा ताण २२-२४ पाउंडच्या वर नेऊ नका. मला एका दुकानात "प्रो लोक एवढंच घेतात" म्हणून २८ घालून दिलं, मीपण मान डोलावली, आणि पुढचा दीड महिना कोपराला शेक देत बसलो.

कॉपी काय करायचं नाही तर प्रत्येक शॉटला फसवाफसवी. मेलासुद्धा ते दरवेळी तारत नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या क्वार्टरला तिने ताईविरुद्ध पहिला गेम २१-१४ घेतला आणि पुढचे दोन्ही १८-२१ गेले. ऑल इंग्लंड स्पर्धेच्या दोन फायनल हरली, २०१३ आणि २०१७. आपण तर एका गेममध्ये तीनदा फसवलं तरी पुष्कळ, बाकी साधं क्लिअर खोल मारा.

परवा परत मोजलं. पार्टनरने वीसपैकी अकरा ओळखले, म्हणजे जवळपास टॉस उडवल्यासारखं, मी खूश. मग त्या मुलीला बोलावलं, ती नेटपाशी उभी राहिली आणि तिने वीसपैकी सतरा ओळखले. "काका, ड्रॉपच्या आधी तुम्ही ओठ दाबता."