लाकडी डेक आणि कुंपण: स्टेन लावण्यापूर्वीची तयारी आणि लावण्याची रीत

बेळगावच्या पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या घाटमाथ्याच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने लाकूड जवळजवळ सतत ओले असते, तर पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणीकडे तेच लाकूड वर्षातला बहुतेक काळ कोरड्या उन्हात तापत राहते. एकाच जिल्ह्यातल्या या दोन टोकांना लाकडाचे शत्रूही वेगवेगळे आहेत. पश्चिमेला शेवाळ, बुरशी आणि कुज, तर पूर्वेला ऊन आणि भेगा. बाहेरच्या लाकडाचे काम करणाऱ्याने घर यांपैकी कोणत्या बाजूला आहे हे आधी पाहावे आणि मगच दुकानात डबा निवडायला जावे. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र समान आहे. बाहेरच्या लाकडावर रंगाचा जाड थर चढवण्यापेक्षा तो लाकडात मुरवावा लागतो, आणि लाकूड स्वच्छ, उघडे व कोरडे असल्याखेरीज तो मुरत नाही. त्यामुळे या कामातला बराचसा वेळ ब्रश हातात घेण्यापूर्वीच खर्च होतो.

आपल्याकडे पडवीच्या कठड्याला किंवा झोपाळ्याला चकचकीत व्हार्निश मारण्याची सवय आहे. छपराखालच्या लाकडाला ते शोभते, पण उघड्यावरच्या डेकला, म्हणजे घराबाहेरच्या फळ्यांच्या ओट्याला, ते चालत नाही. पावसात लाकूड फुगते, उन्हात आकसते आणि वरचा कडक थर त्या हालचालीबरोबर ताणला जाऊन सांध्यांपाशी व खिळ्यांपाशी तडकतो. त्या बारीक फटीतून आत गेलेले पाणी थराखालीच अडकते आणि मग पापुद्रे निघू लागतात. ते सगळे खरवडून काढल्याशिवाय पुन्हा काहीही लावता येत नाही. स्टेन म्हणजे लाकडात मुरणारा पातळ रंग, तो लाकडाच्या रंध्रांत शिरतो. त्याचा पापुद्रा निघत नाही, तो हळूहळू फिका पडतो आणि फिका पडल्यावर धुऊन वरून पुन्हा एक हात देता येतो. स्टेन पूर्ण पारदर्शकही नसावा. उन्हातली अतिनील किरणे लाकडातले लिग्निन, म्हणजे तंतू बांधून ठेवणारे द्रव्य, तोडतात, त्यामुळे सागवानही दीड-दोन वर्षांत राखी दिसू लागते. ही किरणे अडवण्याचे काम स्टेनमधले रंगकण करतात, म्हणून लाकडाच्या रेषा दिसू देणारा पण तपकिरी किंवा लालसर छटा असलेला अर्धपारदर्शक स्टेन घ्यावा.

शेतावरच्या कुंपणाच्या खांबांना जळके इंजिन ऑईल फासण्याची पद्धत गावोगावी आहे. स्वस्त पडते म्हणून ती टिकून आहे, पण ते तेल कधी नीट वाळत नाही, पावसाबरोबर जमिनीत उतरते आणि एकदा लाकडात मुरले की त्यावर नंतर कोणताही स्टेन धड बसत नाही. काजूच्या टरफलाचे तेल त्यापेक्षा बरे म्हणता येईल. चंदगड आणि खानापूरकडे काजूप्रक्रियेमुळे ते मिळते आणि वाळवीविरुद्ध ते पूर्वापार वापरले जाते. मात्र त्याने कातडी भाजल्यासारखी सोलते, शिवाय लाकूड काळेकुट्ट होते. माणसांचा हात-पाय लागेल अशा जागी, म्हणजे डेकवर आणि कठड्यावर, ते मुळीच लावू नये.

कामाचा मुहूर्त हवामान ठरवते. संक्रांत उलटल्यापासून होळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. दिवाळीनंतर लगेच घाई करण्यात अर्थ नाही, कारण पावसाळ्यात लाकडात साठलेला ओलावा तेव्हा पुरता निघालेला नसतो आणि खानापूर भागात सकाळी उशिरापर्यंत दव व धुके असते. एप्रिल-मे मध्ये दुपारी फळी इतकी तापते की स्टेन मुरण्याआधीच वर सुकतो, आणि संध्याकाळी वळीव येण्याची धास्ती असतेच. चिकोडी, निपाणी, संकेश्वर या ऊसपट्ट्यातल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. गळीत हंगाम चालू असताना कारखान्याजवळच्या गावांत बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काळी राख उडत येते आणि ती ओल्या स्टेनवर बसली की कायमची चिकटते. घर वाऱ्याच्या दिशेत असेल तर हंगाम संपेपर्यंत थांबलेले बरे.

पहिले काम तपासणीचे. जाड स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रत्येक फळीच्या टोकाला, खांबाच्या बुंध्याशी आणि तुळईला फळी टेकते त्या जागी टोचून पाहावे. टोक सहज आत गेले तर तेवढे लाकूड कुजले आहे, आणि कुजलेल्या लाकडावर स्टेन लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. अशा फळ्या बदलून घ्याव्यात. सागवानाच्या फळीत कडेचा पांढरट भाग जास्त असेल तर तो गाभ्याच्या लाकडाइतका टिकत नाही, त्याला किडा आणि बुरशी लवकर लागते. त्यामुळे बदली फळी घेताना सुताराला आधीच बजावून ठेवावे. साधे लोखंडी खिळे असतील तर काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मारावेत. साग आणि ऐन यांसारख्या लाकडांत टॅनिन हे तुरट द्रव्य असते, ओलाव्यात त्याचा लोखंडाशी संयोग होऊन खिळ्याभोवती निळसर काळा डाग पडतो आणि पाणी ओघळेल तसा तो फळीभर खाली उतरतो. फळ्यांमधल्या फटी चार ते सहा मिलिमीटरच्या असाव्यात. त्यांत अडकलेला पाला आणि लाल माती पट्टीने उकरून काढावी, कारण कुजेची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

मग धुणे. नुसत्या पाण्याने शेवाळ निघाल्यासारखे दिसते, पण त्याचा अंश लाकडात राहतो. सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, पाण्यात विरघळवून फळीवर पसरावे, दहा-पंधरा मिनिटे ती ओली ठेवावी आणि नायलॉनच्या ब्रशने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासावे. तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे बारीक तुकडे लाकडात राहतात आणि पुढच्या पावसात गंजून ठिपके उमटतात. गाडी धुण्याचा प्रेशर पंप हाताशी असला की मोह होतो, पण नोझल जवळ धरले तर लाकडाचे मऊ तंतू उखडून पृष्ठभाग लोकरीसारखा होतो. म्हणून पाणी पंख्यासारखे पसरवणारे नोझल लावून ते किमान एक फूट लांब धरावे आणि एका जागी थांबवू नये.

धुतल्यावरही खिळ्यांचे काळे डाग आणि राखी छटा उरली तर ऑक्झॅलिक आम्ल उपयोगी पडते. प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट पाण्याला साधारण ५० ते १०० ग्रॅम घेऊन ते विरघळवावे, ब्रशने लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. डाग डोळ्यांदेखत फिके होत जातात आणि राखी फळीतून मूळचा पिवळसर तपकिरी रंग वर येतो. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे व चष्मा घालावा, कोरडी पूड हाताळताना ती नाकातोंडात जाऊ देऊ नये, मुलांना व जनावरांना दूर ठेवावे आणि कोणत्याही ब्लीचमध्ये ते मिसळू नये. डेकशेजारी तुळस किंवा फुलझाडे असतील तर ती आधी पाण्याने भिजवून वरून प्लॅस्टिक पांघरावे.

यानंतर लाकूड वाळू द्यावे, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. फळी वरून दुसऱ्या दिवशीच कोरडी दिसते, पण आतला ओलावा निघायला फेब्रुवारीच्या कडक उन्हातही दोन-तीन दिवस लागतात, आणि घाटमाथ्याला त्याहून जास्त. ओलावा मोजायचे छोटे मीटर मिळते, त्यावर १५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली आकडा आला की लाकूड तयार समजावे. मीटर नसेल तर फळीवर ठिकठिकाणी पाण्याचे चार थेंब टाकावेत. ते एक-दोन मिनिटांत जिरले तर स्टेनही जिरेल. थेंब मोत्यासारखे तसेच उभे राहिले तर जुना थर शिल्लक आहे, किंवा नव्या सागवानाचे स्वतःचे तेल वर आहे. नवे सागवान थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावे, नाहीतर काही महिने उन्हापावसात राहू द्यावे.

घासताना अति गुळगुळीतपणाचा हट्ट धरू नये. डेकला आधी ६० आणि मग ८० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. त्याहून बारीक पेपर मारला की रंध्रे बुजतात आणि स्टेन वरच राहतो. कुंपणाच्या पट्ट्या करवतीतून आल्या तशा खरखरीत असतील तर त्या जास्त स्टेन पितात आणि जास्त टिकतात, त्यांना घासण्याची गरजच नाही.

स्टेन किती लागेल याचा अंदाज आधी बांधावा. खरखरीत किंवा मऊ लाकडावर एक लिटर स्टेन एका हातात ४० ते ६५ चौरस फूट जातो. सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करावेत, म्हणजे दोन डब्यांतल्या छटांचा फरक फळ्यांवर दिसत नाही. रंगकण तळाशी बसतात, म्हणून काम चालू असतानाही मधूनमधून ढवळत राहावे. सुरुवात फळ्यांच्या कापलेल्या टोकांपासून करावी. लाकूड आडव्या अंगापेक्षा टोकातून कित्येक पटींनी जास्त पाणी ओढते, आणि रंगारी नेमकी तीच जागा विसरतो. टोकांना दोन-तीनदा, पिईल तेवढे पाजावे. मग कठडा, आणि शेवटी तळाच्या फळ्या. एका वेळी दोन-तीन फळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण कराव्यात. मध्येच थांबल्यास जोड दिसतो. ऐन, जांभा यांसारख्या घट्ट लाकडाला तेलाचा पातळ स्टेन एकच हात पुरतो, सिल्व्हर ओक किंवा पाइनला दोन लागतात. पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेला स्टेन फडक्याने पुसून घ्यावा, तो तसाच राहिला तर फळी महिनाभर चिकट राहते आणि त्यावर धूळ बसते.

काम सावलीच्या मागे मागे करावे. घराच्या पश्चिमेची बाजू सकाळी, पूर्वेची दुपारी. फळीवर तळहात ठेवून चटका बसला तर तिथे थांबावे. हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारास हात आवरावा, म्हणजे रात्रीचे दव पडेपर्यंत स्टेन ओढला जातो. तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. ती मोकळ्या जागी जमिनीवर पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

कुंपणाच्या बाबतीत खरा प्रश्न खांबाच्या बुंध्याचा आहे. जमिनीत गाडलेल्या लाकडाचे रक्षण स्टेन करू शकत नाही, आणि आपल्या लाल मातीत वाळवीची वारुळे काही कमी नाहीत. पूर्वी खांबाचे टोक जाळून काळे करीत आणि वर डांबर फासत. आता काँक्रीटच्या पायावर जस्तलेपित लोखंडी बूट बसवून त्यात खांब उभा करणे हा जास्त खात्रीचा मार्ग आहे. पट्ट्यांची खालची कड जमिनीपासून दोन इंच वर ठेवावी, खांबाचे माथे उतरते कापावेत आणि स्टेन दोन्ही बाजूंनी लावावा, कारण एकाच बाजूने लावलेली पट्टी पहिल्याच पावसाळ्यात वाकते. कुंपणावर कृष्णकमळ किंवा गारवेल चढली असेल तर ती उतरवून घ्यावी. वेलाखालचे लाकूड कधीच कोरडे होत नाही.

स्टेन लावल्यावर दोन दिवस डेकवर चालू नये आणि कुंड्या तर आठवडाभर ठेवू नयेत. ठेवताना खाली विटांचे तुकडे द्यावेत. त्यानंतर दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास पाला झाडून डेक धुवावा आणि हिवाळा संपताना थेंबांची परीक्षा करावी. पाणी जिरू लागले की एक हात देण्याची वेळ आली. साधारणपणे डेकला दोन-तीन वर्षांनी आणि कुंपणाला तीन ते पाच वर्षांनी ही वेळ येते. घाटमाथ्यावरच्या उघड्या डेकला ती दरवर्षीही येऊ शकते. उरलेला स्टेन घट्ट झाकण लावून सावलीत ठेवावा आणि डब्यावर तारीख, छटा व कोणत्या लाकडाला लावला हे लिहून ठेवावे.